साठवलेल्या उत्तराची मुदत

ज्या कचेरीत शे-दोनशे यंत्रे एकाच डिरेक्टरी सेवेच्या भरवशावर चालतात, तेथील यंत्रव्यवस्थापकाकडे येणाऱ्या तक्रारींत दोन तक्रारी नेहमीच्या आणि वरवर पाहता परस्परविरोधी असतात. पहिली अशी की, गटात नाव घालून तास उलटला तरी सामाईक फोल्डर उघडत नाही. दुसरी अशी की, डिरेक्टरीचा सर्व्हर घटकाभर बंद पडला आणि कोणालाच लॉगिन करता आले नाही. पहिल्या तक्रारीने त्रासलेला व्यवस्थापक कॅशेची मुदत कमी करतो, दुसरीने त्रासलेला तीच मुदत वाढवतो, आणि दोन्ही प्रसंगी त्याने फिरवलेल्या आकड्याचा मूळ दुखण्याशी बहुधा संबंध नसतो. म्हणून कोणता आकडा कोणत्या गोष्टीचे नियमन करतो, तो बदलल्याने कोणाची सोय व कोणाची गैरसोय होते, आणि मुदत ठरवण्याचा अधिकार खरोखर कोणाचा, याचा क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

हा विचार येथे एसएसएसडी या लिनक्सवरील डीमनच्या संदर्भात केला आहे. डिरेक्टरीशी बोलण्याच्या एलडॅप या प्रोटोकॉलचे पहिले अधिकृत वर्णन १९९३ साली प्रसिद्ध झाले आणि युनिक्स यंत्रांवरील खाती व गट त्यात कसे नोंदावेत याचा आराखडा १९९८ साली आरएफसी २३०७ या क्रमांकाने आला. आरंभीच्या काळात नाव विचारू पाहणारी प्रत्येक प्रक्रिया स्वतःच सर्व्हरशी जोडणी उघडत असे. त्यामुळे जोडण्यांची संख्या भरमसाट वाढे आणि सर्व्हर उत्तर देईनासा झाला की यंत्र सुरू होतानाच अडकून पडे. ही अडचण दूर करण्यासाठी फ्री-आयपीए प्रकल्पाच्या परिवारात, रेड हॅटच्या आश्रयाने, २००९ च्या सुमारास एसएसएसडी पुढे आला. यंत्राच्या वतीने सर्व्हरशी बोलणारा एकच मुखत्यार नेमावा आणि मिळालेली उत्तरे त्याने डिस्कवर जपून ठेवावीत, ही त्यामागची योजना. अर्थात उत्तर जपून ठेवले की ते शिळे होण्याचा संभव आलाच. तलाठ्याकडून घेतलेला सात-बाराचा उतारा ज्या दिवशी घेतला त्या दिवशी बरोबरच असतो. प्रश्न उरतो तो पुढे किती दिवस तो ग्राह्य धरायचा एवढाच, आणि कर्जासाठी जो चालतो तो खरेदीखतासाठी चालेलच असे नाही. कॅशेच्या साऱ्या मांडणीचे सार या एका भेदात आहे: ओळख, पासवर्ड आणि अधिकार या तिन्हींना एकच मुदत लावणे हा कारभार नव्हे.

या लेखात मांडणीतील पर्यायांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष 'एसएसएसडी डॉट कॉन्फ' या फाइलीत ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दाशब्दांमध्ये अधोरेषा घालून लिहावयाची असतात.

प्रश्न कोठून कोठे जातो

एखाद्याने फाइलींची सविस्तर यादी मागवली, तर प्रत्येक फाइलीच्या ठायी यंत्राला सापडतो तो केवळ मालकाचा क्रमांक. त्या क्रमांकाचे नाव करून दाखवण्यासाठी यंत्र 'एनएसस्विच' फाइलीत सांगितलेल्या क्रमाने स्थानिक नोंदी आणि एसएसएसडी यांच्याकडे चौकशी करते. एसएसएसडीच्या वाटेवर पहिला लागतो तो स्मृतीतील कॅशे. 'एमसी' या निर्देशिकेतील काही फाइली प्रत्येक प्रक्रिया आपल्या स्मृतीशी जोडून घेते आणि डीमनला हाक न मारता तेथूनच उत्तर वाचते. या थराची मुदत 'मेमकॅशे टाइमआउट' या पर्यायाने ठरते आणि तिचे मूळ मूल्य ३०० सेकंद असते. तेथे उत्तर नसले किंवा त्याची मुदत सरलेली असली, तर प्रश्न डीमनच्या 'एनएसएस' शाखेकडे जातो आणि ती डिस्कवरील कॅशे धुंडाळते. हा प्रत्येक डोमेनसाठी स्वतंत्र असा छोटा डेटाबेस असून त्यातील नोंदींची मुदत 'एन्ट्री कॅशे टाइमआउट' या पर्यायाने, मूळ मूल्याप्रमाणे ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास, धरलेली असते. तेथेही ताजे उत्तर मिळाले नाही, तरच डोमेनची बॅकएंड प्रक्रिया सर्व्हरकडे जाते.

या प्रवासातील एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मुदत संपणे म्हणजे नोंद नाहीशी होणे नव्हे. मुदत संपलेल्या नोंदीबाबत डीमन सर्व्हरला विचारू पाहतो एवढेच. सर्व्हर भेटला नाही, तर तो ऑफलाइन झाल्याचे मानून तीच जुनी नोंद पुढे करतो. म्हणून सर्व्हर बंद पडला तरी नावे दिसत राहावीत या हेतूने मुदत वाढवणे निष्फळ आहे, कारण ती नावे दीड तासाच्या मुदतीवरही दिसतच राहणार. मुदतीचा संबंध सर्व्हर जिवंत असतानाच्या विचारपुशीशी आहे, तो मेल्यानंतरच्या तगून राहण्याशी नाही.

मुख्य मुदतीचा हिशेब

'एन्ट्री कॅशे टाइमआउट' किती ठेवावा, याचे उत्तर सर्व्हरवर पडणाऱ्या ओझ्याचा हिशेब मांडल्यावाचून देता येत नाही. समजा, एका संस्थेत ६०० यंत्रे आहेत आणि प्रत्येक यंत्रावर सतत वापरात असलेली ४० खाती आहेत. म्हणजे ताज्या ठेवावयाच्या नोंदी झाल्या २४,०००. मुदत ६० सेकंद ठेवली, तर सर्व्हरला केवळ या कामापायी सेकंदाला ४०० प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील. दीड तास ठेवली, तर हाच आकडा सेकंदाला साडेचारच्याही खाली येतो. शिवाय गटाविषयीचा प्रश्न खात्याविषयीच्या प्रश्नाइतका स्वस्त नसतो. हजारो सभासदांच्या गटाचे नाव विचारले की सभासदांची सारी यादी उतरवून घ्यावी लागते, गटात गट गुंफलेले असले तर त्यांचाही माग काढावा लागतो, आणि हे सारे पुन्हा डिस्कवर लिहावे लागते. तेव्हा 'सारे नेहमी ताजे असावे' या इच्छेने मुदत एका मिनिटावर आणणारा व्यवस्थापक आपल्याच सर्व्हरवर हल्ला करत असतो, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मुदत लांब ठेवूनही ताजेपणा राखण्याची तजवीज डीमनमध्ये आधीच केलेली आहे. 'एन्ट्री कॅशे नोवेट पर्सेंटेज' या पर्यायाचे मूळ मूल्य ५० असते, आणि त्याचा अर्थ असा की मुदतीचा निम्मा काळ उलटल्यावर कोणी प्रश्न विचारला, तर विचारणाऱ्याला साठवलेले उत्तर तत्काळ मिळते आणि त्याच वेळी पडद्याआड नोंद ताजी करण्याचे काम सुरू होते. जे खाते सतत वापरात आहे त्याची नोंद अशा रीतीने पाऊण तासाच्या आतबाहेर ताजी होत राहते आणि वापरणाऱ्याला खोळंबा जाणवतही नाही. जी खाती क्वचितच विचारली जातात त्यांच्यासाठी 'रिफ्रेश एक्स्पायर्ड इंटरव्हल' हा वेगळा पर्याय आहे. तो मुळात शून्य, म्हणजे बंद, असतो. तो चालू करायचाच झाला तर मुख्य मुदतीच्या पाऊणपट ठेवावा अशी शिफारस मार्गदर्शिकेतच केलेली आहे.

मुख्य मुदतीच्या पोटी खाते, गट, नेटगट, सेवा, सूडोचे नियम, ऑटोएफएस असे पोटपर्याय आहेत. त्यांतील ज्याला स्वतःचे मूल्य दिलेले नसेल तो मुख्य मुदतीचेच मूल्य घेतो. सगळी मुदत आखूड करण्याची ऊर्मी आली, की आधी या पोटपर्यायांपैकी कोणत्या एकावर काम भागेल हे पाहावे. मोठ्या गटांनी बेजार केलेल्या ठिकाणी तर मुदतीला हात न लावता 'इग्नोर ग्रूप मेंबर्स' हा पर्याय चालू करावा. मग गटाची चौकशी झाली असता सभासदांची यादी उतरवलीच जात नाही. एखादी व्यक्ती कोणत्या गटांत आहे या प्रश्नाचे उत्तर मात्र पूर्ववत मिळत राहते, आणि फाइलींच्या परवानग्यांना तेवढेच लागते. सगळ्या डिरेक्टरीची यादी आधीच उतरवून ठेवणारा 'एन्यूमरेट' हा पर्याय मुळात बंद असतो व तो तसाच राहू द्यावा. तो बंद असताना 'गेटएन्ट पासवर्ड' या आज्ञेने डिरेक्टरीतील खाती यादीत दिसत नाहीत, परंतु नाव घेऊन विचारले की दिसतात. यात बिघाड काहीच नाही.

गटात नाव घातले तरीही

आता पहिल्या तक्रारीकडे वळू. एखादी कर्मचारी लेखा विभागात रुजू झाली, डिरेक्टरीत तिचे नाव त्या विभागाच्या गटात घातले गेले, आणि तरीही फोल्डर उघडेना. अशा वेळी तिच्याच टर्मिनलमध्ये दोन आज्ञा लागोपाठ देऊन पाहाव्यात. नुसते 'आयडी' असे लिहिले, तर त्या चालू प्रक्रियेला लॉगिनच्या वेळी जे गट चिकटवले गेले त्यांची यादी दिसते; 'आयडी' पुढे तिचे खातेनाव लिहिले, तर डिरेक्टरीला, अर्थात कॅशेमार्गे, नव्याने विचारून आलेली यादी दिसते. दुसऱ्या यादीत नवा गट असेल आणि पहिलीत नसेल, तर कॅशेवर ठपका ठेवण्याचे कारण उरत नाही. चालू प्रक्रियेचे गट कर्नलपाशी लॉगिनच्या क्षणीच ठरून गेलेले असतात आणि मुदत एक सेकंदावर आणली तरी ते बदलत नाहीत. तिने सत्र बंद करून पुन्हा लॉगिन करणे हाच त्यावरचा उपाय होय.

शिवाय लॉगिनच्या वेळी एसएसएसडी मुख्य मुदतीच्या भरवशावर बसत नाही. सर्व्हर उपलब्ध असेल तर 'पॅम' मार्गाने आलेल्या प्रत्येक मागणीच्या वेळी तो त्या व्यक्तीची व तिच्या गटांची माहिती ताजी करून घेतो. एकाच लॉगिनमध्ये ही फेरी पुन्हा पुन्हा होऊ नये एवढ्याचसाठी 'पॅम आयडी टाइमआउट' हा ५ सेकंदांचा छोटा अवधी ठेवलेला आहे. तात्पर्य, दीड तासाची मुदत कायम ठेवूनही नव्या लॉगिनला नवे गट मिळतात. ही एवढी गोष्ट कळली, तर मुख्य मुदत कमी करण्यामागचे अर्धे आग्रह आपोआप मावळतील.

दोन्ही याद्या जुन्याच दिसल्या, तर मात्र कॅशेकडे पाहावे. 'एसएसएस कॅशे' ही आज्ञा 'यू' या खुणेसह व खातेनावासह दिली, की त्या एका नोंदीची मुदत संपल्याचे नोंदले जाते आणि पुढचा प्रश्न सर्व्हरपर्यंत जातो. 'जी' या खुणेने एखाद्या गटाबाबत, आणि मोठ्या अक्षरातील 'ई' ने सर्वच नोंदींबाबत, हेच साधते. आणि एवढे करूनही जुनेच उत्तर आले, तर त्या यंत्रावर 'एनएससीडी' हा जुना कॅशे-डीमन चालू तर नाही ना, याची खातरजमा करावी. त्याच्या सर्वसाधारण मांडणीत खात्यांची मुदत ६०० आणि गटांची ३६०० सेकंद असते. एसएसएसडीने ताजे केलेले उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि तो आपले जुने उत्तर तासभर जारी ठेवतो. दोन्ही डीमन एकाच कामावर तैनात करू नयेत. एनएससीडी ठेवायचाच असेल, तर तो यंत्रांच्या नावांपुरता ठेवावा आणि खाती, गट व नेटगट यांचा त्याचा कॅशे बंद करावा.

'नाही' हेही उत्तरच

डिरेक्टरीत जे नाव नाही त्याविषयी मिळालेला नकारही डीमन काही काळ लक्षात ठेवतो. 'एन्ट्री निगेटिव्ह टाइमआउट' या पर्यायाचे मूळ मूल्य अवघे १५ सेकंद आहे, आणि ते इतके अल्प असण्याला कारण आहे. नव्या खात्याची तयारी चालू असताना कोणीतरी उतावीळपणे नाव विचारून पाहतो, नकार मिळतो, दुसऱ्याच मिनिटाला खाते तयार होते. नकाराची मुदत तासाभराची असती, तर त्या यंत्राने त्या नव्या माणसाला तासभर ओळखलेच नसते. काही प्रणाली अस्तित्वात नसलेल्या नावांची सतत विचारणा करून सर्व्हरला भंडावतात हे खरे. परंतु त्यावर ही मुदत वाढवणे हा उपाय नव्हे. ती नावे ठाऊक असतील तर 'फिल्टर यूझर्स' व 'फिल्टर ग्रूप्स' या याद्यांत घालावीत, म्हणजे त्यांची चौकशी सर्व्हरकडे जाणारच नाही. यंत्रावरच नोंदलेल्या स्थानिक खात्यांसाठी 'लोकल निगेटिव्ह टाइमआउट' हा १४,४०० सेकंदांचा, म्हणजे चार तासांचा, वेगळा पर्याय असून तो बदलण्याची गरज सहसा पडत नाही.

पासवर्डाची साठवण

दुसरी तक्रार, सर्व्हर बंद पडताच कोणालाच लॉगिन करता येईना ही, आतापर्यंत वर्णिलेल्या कोणत्याही मुदतीशी निगडित नाही. ओळख साठवलेली असली तरी पासवर्ड तपासण्याचे काम दर वेळी सर्व्हरच करतो, आणि 'कॅशे क्रेडेन्शियल्स' हा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला, की सर्व्हरने पासवर्ड एकदा मान्य केल्यानंतर त्याचा मीठ घालून काढलेला हॅश डिस्कवरील कॅशेत ठेवला जातो व ऑफलाइन स्थितीत तुलना त्याच्याशी होते. ज्याने त्या यंत्रावर पूर्वी कधीच लॉगिन केलेले नाही, त्याला अर्थातच हा मार्ग उपलब्ध नाही.

येथे तीन पर्यायांची मूळ मूल्ये शून्य असून प्रत्येक ठिकाणी शून्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा आहे, ही बाब विशेष जागरूकतेने ध्यानात घ्यावी. 'ऑफलाइन क्रेडेन्शियल्स एक्स्पिरेशन' शून्य असेल, तर शेवटच्या ऑनलाइन लॉगिननंतर कितीही दिवस लोटले तरी साठवलेला पासवर्ड चालतो. 'ऑफलाइन फेल्ड लॉगिन अटेम्प्ट्स' शून्य असेल, तर ऑफलाइन यंत्रापुढे बसून कितीही वेळा पासवर्ड चुकवता येतो. 'ऑफलाइन फेल्ड लॉगिन डिले' हा ५ मिनिटांचा अटकाव ही मर्यादा घातल्यावरच अर्थपूर्ण होतो. 'अकाउंट कॅशे एक्स्पिरेशन' शून्य असेल, तर यंत्रावर एकदा लॉगिन केलेल्याची नोंद कधीच काढून टाकली जात नाही. या शेवटच्या पर्यायाचे दिवस पहिल्या पर्यायाच्या दिवसांहून कमी ठेवता येत नाहीत. 'कॅशे क्रेडेन्शियल्स' चालू करून या तिघांना विसरणे, म्हणजे परवाना देऊन त्यावर तारीख न घालणे होय. लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो आणि कॅशेची फाइल त्याच डिस्कवर असते, म्हणून डिस्क कूटबद्ध केलेली असणे ही या पर्यायाची पूर्वअट मानावी.

'कॅश्ड ऑथ टाइमआउट' नावाचा आणखी एक पर्याय आहे, जो सर्व्हर उपलब्ध असतानाही ठराविक सेकंद साठवलेल्या पासवर्डावर काम भागवतो. मिनिटागणिक शेकडो लॉगिन होणाऱ्या यंत्रावर त्याचा उपयोग असतो. परंतु त्या अवधीत जुना, सर्व्हरवर बदललेला पासवर्डही मान्य होतो. तो मुळात बंद आहे, आणि तसे सबळ कारण नसेल तर बंदच असू द्यावा.

बरतरफीचा प्रसंग

कोणत्याही मांडणीची खरी परीक्षा रुजू होण्याच्या दिवशी होत नाही, ती एखाद्याला तडकाफडकी दूर करण्याच्या दिवशी होते. डिरेक्टरीत खाते बंद केले की काम संपले असे मानणाऱ्याने पुढील चार वाटा तपासून पाहाव्यात.

पासवर्डाने होणारे ऑनलाइन लॉगिन त्याच क्षणी थांबते, कारण तपासणी सर्व्हर करतो. येथे कॅशेची मुदत आड येत नाही. एसएसएच किल्लीने होणारे लॉगिन मात्र वेगळे आहे. ती किल्ली त्या व्यक्तीच्या होम निर्देशिकेत असली, तर पासवर्ड विचारलाच जात नाही, आणि खाते चालू आहे की बंद हे पाहण्याची जबाबदारी 'ॲक्सेस प्रोव्हायडर' या पर्यायावर येते. त्याचे मूळ मूल्य 'परमिट', म्हणजे सर्वांना मुभा, असे आहे. तेथे एलडॅप किंवा आयपीए यांसारखा खरा तपासनीस नेमून खाते कालबाह्य वा बंद असल्यास अटकाव करण्याचा नियम लिहिलेला नसेल, तर बरतरफ झालेला माणूस किल्लीच्या जोरावर आत येत राहील, आणि त्याचा दोष कॅशेवर टाकणे अन्यायाचे होईल. तिसरी वाट चालू सत्रांची. ती आपोआप तुटत नाहीत. त्या खात्याच्या प्रक्रिया शोधून हाताने बंद कराव्या लागतात, आणि वेळापत्रकात लावलेली कामेही पाहावी लागतात. चौथी वाट घरी नेलेल्या लॅपटॉपची, ज्याला नेटवर्क मिळालेच नाही तर सर्व्हरचा निर्णय कळणारच नाही. त्याला आवर घालतो तो केवळ ऑफलाइन पासवर्डाच्या दिवसांचा आकडा.

अधिकाराच्या बाबतीत सूडोचे नियम स्वतंत्रपणे साठवले जातात आणि त्यांचे ताजेपण तीन रीतींनी राखले जाते. दर १५ मिनिटांनी नवे वा बदललेले नियम आणले जातात. दर ६ तासांनी साठवलेले सर्व नियम टाकून देऊन संपूर्ण संच नव्याने घेतला जातो. आणि कोणी सूडो वापरले, की त्याला लागू असलेल्या नियमांपैकी ज्यांची मुदत संपली आहे ते पुन्हा आणले जातात. सर्व्हरवरून काढून टाकलेला नियम पहिल्या रीतीत सापडत नाही, कारण जे नाहीसे झाले ते 'बदललेले' म्हणून पुढे येत नाही. म्हणजे रद्दबातल केलेला अधिकार यंत्रावर किती काळ टिकतो, हे मुख्यतः 'एन्ट्री कॅशे सूडो टाइमआउट' ठरवतो, आणि त्याला वेगळे मूल्य दिलेले नसेल तर ते दीड तास असते. अधिकार पाव तासात काढून घेतला गेला पाहिजे असा संस्थेचा शिरस्ता असेल, तर हा एकच आकडा ९०० करावा. खाती व गट यांच्या मुदतीला त्यासाठी धक्का लावण्याचे कारण नाही.

यंत्रपरत्वे काय ठेवावे

सर्व यंत्रांना एकच फाइल वाटणे सोपे असले तरी योग्य नव्हे. खोलीत कायम बसवलेल्या सर्व्हरसाठी मुख्य मुदत ५४०० व नोवेट ५० ही मूळ मूल्येच चांगली. सूडोची मुदत ९००. पासवर्डाची साठवण चालू, परंतु ऑफलाइन मर्यादा २ दिवसांची आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ५ ची. शिवाय डिरेक्टरीवर अवलंबून नसलेले एक स्थानिक आणीबाणीचे खाते असावे, कारण डिरेक्टरी दुरुस्त करणाऱ्यालाच डिरेक्टरीवाचून लॉगिन करता येईना, ही परिस्थिती टाळण्यासारखी असते.

लॅपटॉपसाठी पासवर्डाची साठवण अपरिहार्य आहे. तिची मर्यादा संस्थेच्या फिरतीच्या कामानुसार ७ ते १४ दिवस, प्रयत्नांची मर्यादा ५, आणि न वापरलेल्या खात्याची नोंद ३० दिवसांनी काढून टाकावी, असे आकडे बहुतेक ठिकाणी चालून जातील. गणनासमूहाच्या यंत्रांवर एकाच क्षणी शेकडो कामे सुरू होतात आणि सगळी त्याच खात्याविषयी विचारतात. तेथे मुख्य मुदत १४,४००, मुदतबाह्य नोंदी आपणहून ताज्या करण्याचा अवधी १०,८०० आणि गटांच्या सभासदांची यादी बंद, अशी मांडणी करावी. पासवर्ड साठवण्याची तेथे सहसा गरज नसते. ज्या यंत्रावरून इतर सर्व यंत्रांकडे जाण्याची वाट आहे, त्या प्रवेशद्वारावरील यंत्राला मात्र सर्वांत कडक नियम लावावेत: सूडोची मुदत ३००, पासवर्डाची साठवण बंद, आणि 'ॲक्सेस प्रोव्हायडर' काटेकोर.

डिस्कवरील कॅशे रॅममध्ये ठेवला की काम झपाट्याने होते असा सल्ला कोठे कोठे दिला जातो. १.१४ या आवृत्तीपासून काळखुणांसाठी वेगळा डेटाबेस आल्यामुळे, न बदललेली नोंद ताजी करताना मुख्य फाइल पुन्हा लिहावी लागत नाही आणि त्या सल्ल्याची निकड पुष्कळ कमी झाली आहे. रॅममधील कॅशे यंत्र बंद होताच जातो व त्याबरोबर साठवलेले पासवर्डही जातात, हेही ध्यानात असावे.

बदल अमलात आणताना

फाइल बदलल्यावर प्रथम 'एसएसएस कंट्रोल' या साधनाच्या 'कॉन्फिग चेक' या उपआज्ञेने ती तपासावी. पर्यायाच्या नावातील एखादे अक्षर चुकले, तर ते येथेच उघडकीस येते, एरवी तो पर्याय लिहूनही न लिहिल्यासारखा राहतो. फाइलीची परवानगी ६०० असावी, कारण तिच्यात डिरेक्टरीशी जोडणीचा पासवर्ड असू शकतो. त्यानंतर सेवा पुन्हा सुरू करावी. तशी सुरू केल्याने डिस्कवरील कॅशे पुसला जात नाही. साठवलेल्या नोंदी जुन्याच मुदतीवर चालत राहतात, म्हणून नव्या मुदतीचा अनुभव घ्यायचा तर चाचणीच्या खात्यापुरती नोंद मुदतबाह्य करावी. 'यूझर शो' ही उपआज्ञा त्या खात्याची नोंद शेवटची केव्हा ताजी झाली व तिची मुदत केव्हा संपते हे वेळेसह दाखवते. तर्क लढवत बसण्यापेक्षा हे दोन आकडे वाचणे बरे.

ऑफलाइन स्थितीची परीक्षा घेण्यासाठी नेटवर्कची तार उपटण्याची गरज नाही. डीमनच्या मुख्य प्रक्रियेला 'यूझर-वन' हा सिग्नल पाठवला की तो ऑफलाइन असल्यासारखा वागू लागतो आणि 'यूझर-टू' पाठवला की लगेच ऑनलाइन येतो. या दोहोंच्या मधल्या काळात चाचणीच्या खात्याने लॉगिन करून पाहावे, मुद्दाम पाच वेळा पासवर्ड चुकवावा, आणि आपण घातलेल्या मर्यादा खरोखर पाळल्या जातात की नाही हे डोळ्यांनी पाहावे. कॅशेच्या फाइली पुसून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. सर्व्हर बंद असताना त्या पुसल्या, तर ओळखी आणि पासवर्ड दोन्ही जातात, आणि जे लॉगिन जुन्या उत्तरावर का होईना चालू होते तेही बंद पडते. मुदतबाह्य करणे आणि पुसणे यांतील अंतर संकटकाळात विसरले जाऊ नये.

शेवटी एक आग्रहाची सूचना. या फाइलीतील प्रत्येक बदललेल्या आकड्याच्या वरच्या ओळीत टिप्पणीची खूण घालून तो आकडा का ठेवला, कोणाच्या संमतीने ठेवला आणि कोणत्या तारखेला ठेवला, हे लिहून ठेवावे. दूर केलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच्या लॅपटॉपवर सात दिवस चालावा की दोन, हा प्रश्न यंत्रव्यवस्थापकाने एकट्याने, मार्गदर्शिका वाचून, सोडवण्यासारखा नाही. त्याची जोखीम आस्थापना विभागाची व त्या संस्थेच्या प्रमुखांची आहे. व्यवस्थापकाने त्यांच्यापुढे आकडा न ठेवता परिणाम ठेवावा: 'इतके दिवस ठेवले तर फिरतीवरच्यांची सोय होईल आणि दूर केलेला माणूस इतके दिवस आपल्या कागदपत्रांपर्यंत पोहोचू शकेल.' त्यांनी दिवस सांगावेत, व्यवस्थापकाने ते फाइलीत लिहावेत. ज्या आकड्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही, तो पुढच्या तपासणीत मूळ मूल्यावर परत न्यावा. आणि ज्या मूळ मूल्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा होतो, तेथे मात्र कारण मिळेपर्यंत न थांबता आजच मर्यादा घालावी.